तरुण चर्चमध्ये का येत नाहीत, हे त्यांनाच विचारा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दर वर्षी नाताळच्या आठवड्यात कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत शहरातील चर्चवरच्या रोषणाईची छायाचित्रे येतात, गव्हाणीचे देखावे पाहायला जमलेल्या सर्व धर्मांच्या लोकांचे कौतुक होते आणि बहुधा त्याच बातमीच्या शेवटी कोणी तरी ज्येष्ठ पदाधिकारी खंत व्यक्त करतात, की तरुण पिढी चर्चपासून दुरावत चालली आहे आणि मोबाईल, सिनेमा व बदललेले राहणीमान याला कारणीभूत आहे. ही खंत खरी आहे, तिचे निदान मात्र मला मान्य नाही. मी कोल्हापुरातील एका प्रॉटेस्टंट मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या उपासक समूहाची, सभासद आहे, पेशाने शिक्षिका होते आणि कित्येक वर्षे शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना शिकवत आले. ज्यांच्याबद्दल ही खंत व्यक्त होते त्यांतील पुष्कळ मुलेमुली माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली आणि आजही रस्त्यात भेटली की थांबून मोकळेपणाने बोलतात. ती जे बोलतात ते मंडळीच्या सभेत मांडायला जागा उरलेली नाही, म्हणून हे पत्र. मंडळीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या मंडळीचा नाही.

या विषयावर बोलताना हमखास पाश्चात्त्य देशांचे दाखले दिले जातात, आणि ते खोटे नाहीत. अमेरिकेत कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सभासद असलेल्यांचे प्रमाण १९९९ साली ७० टक्के होते, ते २०२० साली ४७ टक्क्यांवर आले, असे गॅलप संस्थेच्या पाहणीत दिसले. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्यापेक्षा कमी, म्हणजे ४६.२ टक्के भरले. अमेरिकेतील बार्ना संस्थेने २००७ साली १६ ते २९ वयोगटातील ख्रिस्तीतर तरुणांना ख्रिस्ती धर्माविषयी विचारले, तेव्हा ८७ टक्क्यांना तो दुसऱ्यांना दोषी ठरवणारा वाटला आणि ८५ टक्क्यांना ढोंगी वाटला. हे आकडे कोणाही पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, झोप उडवणारे आहेत. पण ते उचलून जसेच्या तसे कोल्हापूरला लावले, की आपली फसगत होते. तिकडचा तरुण चर्च सोडतो तेव्हा अनेकदा धर्माची ओळखही सोडून देतो. आपल्याकडची तऱ्हा वेगळी आहे. प्यू संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३०,००० प्रौढांना प्रश्न विचारले, तेव्हा ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले. देवाला नकार देऊन घराबाहेर पडणारा तरुण आपल्या वस्तीत शोधूनही क्वचितच सापडेल.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेचेच पाहावे. दुपारी बारा ते तीन अशी ही उपासना चालते आणि वधस्तंभावरून प्रभूने काढलेल्या सात उद्गारांवर एकामागून एक मनन होते. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत सकाळची पाळी केलेली, वर्षभर रविवारी न दिसणारी मुले त्या दिवशी अर्ध्यातून का होईना येतात. बाकांवर जागा असूनही ती मागच्या दाराशी उभी राहतात, रुमालाने मान पुसतात, सातव्या उद्गारापर्यंत हलत नाहीत, शेवटचे गीत पुस्तक न उघडता तोंडपाठ म्हणतात, आणि आशीर्वाद झाला की मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी कोणी पंच हाक मारण्याआधी दुचाकीला किक मारून निघून जातात. श्रद्धा उरलेली नसती तर ही मुले भर उन्हात तेवढा वेळ उभी राहिली नसती. मला त्यांच्या येण्याइतकेच त्यांचे ते घाईने निघून जाणे बोलके वाटते. ख्रिस्ताशी त्यांचे काही बिनसलेले नाही. बिनसले आहे ते मंडळीच्या कारभाराशी आणि मंडळीतील आम्हा मोठ्या माणसांशी.

बिनसते कुठे, याचे एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक सभेत, बी.कॉम. होऊन सनदी लेखापालाकडे उमेदवारी करणारी एक मुलगी बोलायला उठली. छापील अहवालात 'इमारत दुरुस्ती' या नावाखाली एक मोठी रक्कम एकाच ओळीत दाखवली होती. तिने एवढेच विचारले, की कामासाठी किती जणांकडून दरपत्रके मागवली होती आणि बिले कोणाकडे पाहायला मिळतील. प्रश्न नम्र होता, आवाजही चढलेला नव्हता. व्यासपीठावरून उत्तर आले, की देवाच्या घरात हिशेब मागायचा नसतो, सेवा करायची असते. मागच्या रांगेतून कोणी तरी तिच्या वडिलांचे नाव घेऊन म्हणाले, "पोरीला जरा समज द्या." वडिलांनी मान खाली घातली. त्यानंतर ती मुलगी आमच्या उपासनेला फार दिवस आली नाही. आता ती पुण्यात नोकरी करते, तिथल्या एका मंडळीत नियमित जाते आणि त्या मंडळीचे हिशेब तपासण्याचे काम विनामोबदला करते. आम्ही घालवले ते दुसऱ्यांनी ठेवून घेतले. या मुलीला चर्चपासून मोबाईलने दूर नेले, असे कोणी माझ्यासमोर म्हणून दाखवावे.

तिने मागितले ते कायद्याला धरूनच होते. चर्चच्या मालमत्ता सांभाळणारे न्यास सामान्यतः महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवलेले असतात. अशा न्यासांना हिशेब ठेवून त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, तो अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे जातो, आणि विश्वस्त बदलले की तसा बदल अर्ज दाखल करावा लागतो. जे कागद सरकारी कार्यालयात जायचेच आहेत ते अर्पण टाकणाऱ्या सभासदापासून लपवण्यात काय हशील आहे? शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या वर्गणीविषयी बोलताना सांगतो, की या रकमेवरून कोणी आपल्याला नाव ठेवू नये याची काळजी आम्ही घेतो आणि केवळ प्रभूच्या नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य तेच करतो. व्यवहार चोख दिसावा म्हणून पौलाने ती रक्कम एकट्याच्या हाती ठेवली नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली. शब्बाथ शाळेत हा अध्याय मीच शिकवला आहे. ज्या मुलांनी तो वर्गात ऐकला तीच मुले मोठी होऊन सभेत बसतात, तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल?

हिशेबाच्या मागोमाग भांडणे येतात. पाळकाची नेमणूक, पंचांची निवडणूक, मिशनच्या काळातील बंगल्यांच्या आणि मोकळ्या जागांच्या मालकीचे वाद, गाळ्यांचे भाडे, आणि त्या सगळ्यांपायी वर्षानुवर्षे चालणाऱ्या कोर्टाच्या तारखा ही पश्चिम महाराष्ट्रातल्या किती तरी मंडळ्यांची कहाणी आहे. घरातले मूल ही भाषा रविवारच्या प्रवचनाआधी शिकते. आपल्या काकांशी बोलायचे नाही, कारण ते विरुद्ध गटाचे आहेत, हे त्याला सातवी-आठवीत कळते. आणि मग प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांशी समेट करण्याचे बोध वाचले जातात तेव्हा ते मूल काकांकडे पाहते आणि वडिलांकडे पाहते. तरुणांना चर्च ढोंगी वाटते असे अमेरिकेतील पाहणी सांगते. आपल्या मुलांना त्यासाठी पाहणीची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना मंडळीच्या पूर्ण सभासदत्वासाठी तयार करणाऱ्या वर्गात, नववीतल्या एका मुलीने विचारले होते, की माझ्या मैत्रिणीची आजी दर आषाढीला नंदवाळला विठ्ठलदर्शनासाठी पायी जाते, कोणाचे वाईट चिंतत नाही, मला स्वतःच्या नातीसारखे जेवू घालते, तर मरणानंतर तिचे काय होणार? हा प्रश्न कोल्हापुरात वाढणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पडतो आणि पडलाच पाहिजे, कारण त्याच्या शेजारात, वर्गात आणि कामाच्या ठिकाणी बहुतेक माणसे दुसऱ्या धर्माची असतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी होती. आपल्या मुलांचे निम्मे आयुष्य अशा आज्यांच्या हातचे खाण्यात जाते. त्या वर्गात त्या मुलीला मिळालेले उत्तर, 'असले प्रश्न सैतान मनात घालतो,' एवढेच होते. मी त्या वर्गाची शिक्षिका नव्हते, पण ती मुलगी संध्याकाळी माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडून बसलो, जिथे नियमशास्त्र हाती नसूनही नियमशास्त्रातल्या गोष्टी स्वभावतः करणाऱ्या लोकांविषयी पौल बोलतो. प्रश्न सुटला असा माझा दावा नाही. तिला हवे होते ते एवढेच, की मोठ्या माणसाने तिचा प्रश्न ऐकून घ्यावा आणि तिच्याबरोबर तो धरून बसावे.

मराठी ख्रिस्ती समाजाला प्रश्नांचे वावडे असण्याचे खरे तर काहीच कारण नाही, कारण आपली थोर माणसे प्रश्न विचारूनच थोर झाली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला तेव्हा त्या पंचविशीत होत्या. ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या राहत होत्या त्यांच्याशीच त्यांनी मोठा पत्रव्यवहार करून त्रैक्याविषयी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयी), चर्चच्या अधिकाराविषयी आणि स्वतःच्या विवेकाच्या स्वातंत्र्याविषयी वाद घातला. समजल्याशिवाय मी मान डोलावणार नाही, हा त्यांचा बाणा त्यांनी ख्रिस्ती झाल्यावरही सोडला नाही, आणि याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले व उत्तरायुष्यात मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाचा बंधुभाव सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. त्या काळी हा विचार धाडसाचा होता आणि आजही आहे. मग आपल्या एखाद्या मुलाने नंदवाळच्या आजीविषयी विचारले तर त्याच्यावर सैतान कशाला आणायचा? रमाबाई आणि टिळक यांची छायाचित्रे आपण भिंतीवर लावतो, त्यांनी काय केले ते मात्र मुलांना सांगत नाही. कोल्हापूरच्या मातीतले उदाहरणही आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली या शहरात आले आणि त्यांच्या स्मृत्यर्थ वाइल्डर मेमोरियल चर्च ओळखले जाते, हे आपल्याला माहीत असते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच, कोल्हापुरात जन्मला, आणि १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरातून जी जगभर पसरलेली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ निघाली तिच्या मुळाशी तो होता. तेव्हा त्याला तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्याच वयाच्या आजच्या मुलांना आपण खुर्च्या मांडायला आणि नाताळच्या गाण्यांच्या फेरीत कंदील धरायला बोलावतो.

आता संगीताविषयी, कारण ज्येष्ठांची सर्वांत मोठी तक्रार तीच असते. तरुण मुले स्वतंत्र मंडळ्यांकडे वळतात, तिथे गिटार आणि ड्रम वाजतात, हिंदी-इंग्रजी गाणी पडद्यावर दाखवतात आणि आपली जुनी गीते मागे पडतात, ही वस्तुस्थिती आहे. जुनी गीते मलाही जिवापाड प्रिय आहेत. पण टिळकांनी आणि त्यांच्या पिढीने अभंग, ओवी आणि कीर्तन उपासनेत आणले तेव्हा तीही नवलाईच होती आणि परदेशी चालींवर वाढलेल्या कित्येकांना टाळ-मृदंगाचा आवाज चर्चमध्ये खटकला असणार. दुसरे असे, की गिटारसाठी जाणारी मुले थोडी आणि आपल्याला कोणी तरी नावाने ओळखते म्हणून जाणारी जास्त. तिथे नवा मुलगा दोन रविवार दिसला नाही तर सोमवारी त्याला फोन येतो. आमच्याकडे एक तरुण अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने घरी होता आणि मंडळीतून पहिला निरोप आला तो वार्षिक वर्गणी थकल्याचा. त्या स्वतंत्र मंडळ्यांतही सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. आजार बरा होण्याची आणि पैसा येण्याची आश्वासने देणारे उपदेशक तिथे आहेत, त्यांचे हिशेब आमच्याहूनही झाकलेले असतात, आणि एकाच माणसाच्या शब्दावर सगळे चालते. पण आपल्या अंगणात पाणी नसताना मूल शेजारच्या विहिरीवर गेले म्हणून त्याला रागावता येत नाही.

यापुढचा विषय नाजूक आहे आणि तो आपण चर्चच्या आवारात कधीच काढत नाही. आपल्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले. शाळा, दवाखाना आणि माणूस म्हणून मिळालेली वागणूक यांच्या ओढीने ते मिशनकडे आले, आणि त्यात शरमण्यासारखे काही नाही. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. याचा परिणाम असा, की काही घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा अशी कुतरओढ चालू असते. दाखला काढायची वेळ आली की वडील मुलाला हळू आवाजात समजावतात. त्या मुलाला व्यासपीठावरून 'सत्य तुम्हाला बंधमुक्त करील' हे वचन ऐकताना काय वाटत असेल, याचा विचार किती पाळकांनी केला आहे? त्याला दोषी ठरवण्याऐवजी हा अन्याय कसा घडला, आणि त्यासाठी दलित ख्रिस्ती संघटना किती वर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर लढत आहेत, हे आपण शब्बाथ शाळेत का शिकवत नाही? त्यातच लग्ने जमवताना आपणच पूर्वीची जात आडून विचारतो, हेही मुलांना दिसते. प्रभूच्या मेजाशी सगळे समान आणि सोयरिकीच्या वेळी वेगळे, हे गणित त्यांना पटत नाही आणि पटू नये.

लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून एवढेच लिहिते, की आपला समाज लहान असल्याने आणि मुले एकत्र शिकत, एकत्र नोकऱ्या करत असल्याने आंतरधर्मीय विवाह होणारच. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा वधूवरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लागू होतो, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा तर सर्वांनाच खुला आहे. तरीही आमच्याकडे पहिली अट बाप्तिस्म्याची घातली जाते, मग ते जोडपे नोंदणी कार्यालयात जाते आणि परत चर्चकडे फिरकत नाही. त्यांची मुलेही फिरकत नाहीत. स्त्रियांच्या बाबतीतही तसेच. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली आंध्र प्रदेशात एका स्त्रीला बिशपपदाची दीक्षा दिली. आमच्या कित्येक मंडळ्यांत मुली गायनात, शिकवण्यात आणि स्वयंपाकात पुढे असतात आणि पंचमंडळाच्या यादीत मात्र एखादेच बाईचे नाव असते. बँकेत शाखा सांभाळणाऱ्या आणि मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळीला संपूर्ण वॉर्ड पाहणाऱ्या मुलीला हे कसे दिसत असेल, ते सांगायला नको.

ख्रिस्तीतर तरुणांना चर्च कसे दिसते, हेही महत्त्वाचे आहे. त्यांच्या आजोबांच्या पिढीला चर्च म्हणजे मिशनची शाळा आणि मिशनचा दवाखाना. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू केलेल्या रुग्णालयात कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रुग्ण बैलगाडीतून येत. त्या कृतज्ञतेवर आपण दोन पिढ्या निश्चिंत राहिलो. आजच्या मुलाच्या फोनवर मात्र चर्चविषयी जे येते ते बहुतेक धर्मांतराच्या आरोपांचे असते. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने मला सांगितले, की वर्गमित्राने हसत हसत त्याला विचारले, "तुझ्या पणजोबाला किती पैसे मिळाले होते रे?" मित्र वाईट नव्हता, त्याला दुसरे काही माहीतच नव्हते. पण या मुलालाही उत्तर देता आले नाही, कारण पणजोबा ख्रिस्ती का झाले हे त्याला ना घरी सांगितले होते ना चर्चमध्ये. आपण मुलांकडून वचने पाठ करून घेतली आणि इतिहास त्यांच्या हाती दिला नाही. बळजबरी किंवा आमिष दाखवून केलेले धर्मांतर चुकीचे आहे हे चर्चने स्वच्छ शब्दांत म्हटले पाहिजे, आणि स्वेच्छेने श्रद्धा बदलण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदातील विवेकस्वातंत्र्यात येतो, हेही तितक्याच स्वच्छ शब्दांत म्हटले पाहिजे. या दोन्ही गोष्टी आपल्या मुलांनी मित्रांना शांतपणे सांगाव्यात इतकी तयारी त्यांच्याकडून करून घेणे हे पाळकाचे काम आहे.

ही मुले काम करायला मागे हटत नाहीत, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने दाखवून दिले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, चिखली आणि आंबेवाडीची माणसे नावांतून बाहेर काढली जात होती. आमच्या मंडळीच्या सभागृहात तेव्हा जी तरुण मुले पहाटेपर्यंत चपात्या बांधत होती, औषधांच्या याद्या करत होती आणि दुचाकीवरून पाण्याच्या कडेपर्यंत पोचवत होती, त्यांतील निम्म्याहून अधिक मुले रविवारच्या हजेरीत कधी सापडली नसती. त्यांना कोणी बोलावले नव्हते. काम आहे असे कळले आणि ती आली, त्यांच्यासोबत त्यांचे हिंदू-मुस्लिम मित्रही आले. आठवडाभर ते सभागृह त्यांचे होते. पूर ओसरल्यावर पंचमंडळाची बैठक झाली, तिच्यात भांडी मोजली गेली, दोन पातेली कमी भरल्याची नोंद झाली आणि सभागृहाला पुन्हा कुलूप लागले. त्या मुलांना एका चहाला तरी बोलावावे, पुढे काय करू या असे विचारावे, हे कोणाच्या मनात आले नाही. मी त्या बैठकीत हे बोलले होते आणि ते इतिवृत्तात नोंदवावे अशी मागणीही केली होती.

जगातील मोठ्या चर्चनेही ऐकायला सुरुवात केली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमला बिशपांची महासभा भरवली ती खास तरुणांच्या विषयावर, आणि तिच्या आधी जगभरातील तरुणांना बोलावून त्यांचे म्हणणे लिहून घेतले होते. रोमला जे जमते ते न्यू शाहूपुरीत, कोडोलीत किंवा गडहिंग्लजला जमायला अडचण नसावी.

म्हणून माझ्या काही ठोस विनंत्या आहेत. मार्चअखेर झाल्यावर मंडळ्यांच्या वार्षिक सभा होतात. त्यापूर्वी लेखापरीक्षण झालेला हिशेब चर्चच्या फलकावर लावावा आणि बिले पाहण्यासाठी एक दिवस ठरवून द्यावा. पंचमंडळात तिशीच्या आतील किमान दोन सभासद, एक मुलगा आणि एक मुलगी, मताच्या पूर्ण हक्कासह घ्यावेत. 'निमंत्रित' म्हणून त्यांची बोळवण करू नये. परिचारिका, कारखान्यातले कामगार आणि दुकानांत नोकरी करणारी मुले रविवारी सकाळी येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी महिन्यातून दोनदा तरी संध्याकाळची उपासना ठेवावी आणि ती कशी चालवायची हे त्यांच्यावर सोपवावे. दृढीकरणाच्या वर्गात प्रत्येक पाठानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि कुठल्याही प्रश्नाला बंदी असू नये.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. दर नाताळाला आपण पदाधिकाऱ्यांना विचारता, की तरुण का येत नाहीत. या वर्षी हा प्रश्न तरुणांना विचारावा, त्यांची पत्रे मागवावीत आणि ती काटछाट न करता छापावीत. त्यांत आमच्या पिढीला झोंबेल असे बरेच काही असेल, पण ती पत्रे आमच्या पंचमंडळाच्या फलकावर लावण्याची जबाबदारी मी घेते.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
मंडळीची एक सभासद, कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)